पत्त्यांची जादू : हात आणि हिशेब

आजचा विषय मी थोड्या संकोचानेच जाहीर करीत आहे. ज्याने आपले सारे आयुष्य शाळेत गणित शिकविण्यात घालविले, त्याने पत्त्यांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. पत्ते म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि तसे होणे अगदीच अकारण आहे असेही नाही. परंतु मी पत्त्यांच्या जुगारावर बोलणार नाही, तर पत्त्यांच्या जादूवर बोलणार आहे. ही जादू दोन प्रकारची असते. एक हाताची, दुसरी हिशेबाची. या दोहोंत फरक कोणता, आणि तो समजून घेणे का अगत्याचे आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मी सौंसरचा. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सातपुड्याचा चढ लागण्यापूर्वी जे संत्र्यांच्या बागांचे आणि कपाशीचे गाव लागते, ते सौंसर. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि आम्ही दुसऱ्या राज्यात राहिलो. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून आमचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कागदावरच्या सीमा अशा हलत राहिल्या, तरी घरातील भाषा मराठीच राहिली. माझ्या लहानपणी नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची आगगाडी सौंसरवरून धावत असे. तो छोटा मार्ग 2015 साली बंद झाला आणि त्याच्या जागी आता मोठा रूळमार्ग आला आहे. त्या छोट्या गाडीच्या डब्यात पत्त्यांचा डाव पडला नाही असा दिवस विरळा. माझी आणि पत्त्यांची ओळख तिथलीच. पण पत्त्यांनी मला पहिला धडा दिला तो गाडीत नव्हे, जत्रेत.

मी त्या वेळी आठवीत होतो. शाळेची फी आणि एक पुस्तक यांसाठी बाबांनी पाच रुपये दिले होते. ते खिशात घेऊन मी मित्रांबरोबर परिसरातील एका जत्रेला गेलो. तेथे झाडाखाली एक माणूस गोणपाट अंथरून बसला होता. त्याच्यापुढे तीनच पत्ते होते. त्यांपैकी एक बदामाची राणी. तो राणी सर्वांना दाखवी, मग तिन्ही पाने पालथी टाकून इकडून तिकडे सरकवी, आणि ओरडे, "राणी कोठी हाय, सांगा जी! रुपयाला दोन रुपये!" मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. दर खेपेस राणी कोठे आहे हे मला अचूक कळत होते. एका माणसाने माझ्यादेखत दोनदा पैसे जिंकले. मग मी एक रुपया लावला. राणी तेथे नव्हती. गेलेला रुपया परत मिळविण्यासाठी दुसरा लावला, आणि असे करता करता पाचही रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी फी भरता आली नाही, तेव्हा वर्गावरच्या गुरुजींना खरे सांगणे भाग पडले. ते रागावले नाहीत. शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर घरी आले, बाबांना सर्व हकीकत त्यांनीच सांगितली, आणि मग ओसरीवर बसून आमच्याच घरातील जुना पत्त्यांचा कॅट मागून घेतला. त्यांनी तीन पाने उचलली आणि तो खेळ अगदी सावकाश करून दाखविला. एका हातात एक पान. दुसऱ्या हातात दोन, एकावर एक, मध्ये थोडी फट ठेवून. त्या दोहोंतील खालचे पान राणी. हात झुकवून पान टाकताना पाहणाऱ्याला वाटते की खालचे पान पडले. प्रत्यक्षात बोटांनी वरचे पान सोडलेले असते आणि राणी हातातच राहते. जो मन लावून राणीचा माग काढतो, तोच नेमका चुकतो. ज्याने डोळे मिटून एखादे पान दाखविले त्याला निदान तीनांत एक संधी असते. डोळे उघडे ठेवून लक्ष देणाऱ्याला तीही उरत नाही. आणि माझ्यादेखत जो जिंकला, तो त्याच माणसाचा साथीदार.

श्रोतेहो, या प्रसंगात माझे पैसे गेले, परंतु हाताची चलाखी म्हणजे काय ते मला समजले. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हीच चलाखी रंगमंचावर कलावंताच्या हाती असते तेव्हा ती फसवणूक नसते. कारण तेथे पाहणारा आणि दाखविणारा यांच्यात एक करार झालेला असतो. आम्ही तिकीट काढून जातो ते फसविले जाण्यासाठीच, आणि कलावंत आमचा विस्मय घेतो, फी घेत नाही. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे (1924–1984) यांचे नाव महाराष्ट्रात घराघरांत झाले ते या करारावरील निष्ठेमुळे. जत्रेतील त्या माणसाने करार केला तो निराळा. त्याने सांगितले की हा खेळ नजरेचा आणि नशिबाचा आहे, आणि तो दोहोंचाही नव्हता.

हाताच्या जादूची मुळाक्षरे फार नाहीत. पिसल्यासारखे करावयाचे, पण वरचे पान वरच राखावयाचे. दोन पाने एकच आहे असे दाखवून उचलावयाची. पान तळव्यात दडवावयाचे. प्रेक्षकाला मोकळी निवड दिल्याचा भास करून आपल्याला हवे तेच पान त्याच्या बोटांत द्यावयाचे. यांपैकी प्रत्येक क्रियेमागे आरशासमोर घालविलेले महिनेच्या महिने असतात. आणि तरीही हात डोळ्यापेक्षा वेगवान असतो ही समजूत खरी नाही. हात तितका वेगवान नसतोच. मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते, एवढाच तिचा नियम. जादूगार तुमच्याकडे पाहून प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तरासाठी त्याच्या चेहऱ्याकडे पाहता, आणि त्या अर्ध्या क्षणात बोटे आपले काम उरकतात.

आता दुसरा प्रकार. त्या संध्याकाळी गुरुजींनी तीन पानांचा खेळ संपविल्यावर एकवीस पाने मोजून घेतली आणि मला म्हणाले, "यांतील एक मनात धर, मला सांगू नकोस." त्यांनी पाने चित्रे वर करून सात-सातांच्या तीन उभ्या ओळींत मांडली, पहिले पान पहिल्या ओळीत, दुसरे दुसऱ्या, तिसरे तिसऱ्या, चौथे पुन्हा पहिल्या, याप्रमाणे. माझे पान कोणत्या ओळीत आहे एवढेच त्यांनी विचारले. ती ओळ इतर दोन ओळींच्या मध्ये ठेवून त्यांनी पाने गोळा केली आणि पुन्हा तशीच मांडली. असे तीनदा झाले. मग वरून मोजून अकरावे पान त्यांनी माझ्यापुढे टाकले. माझेच पान होते.

आपल्यापैकी पुष्कळांनी हा खेळ लहानपणी केला असेल. तो अकरावेच पान का देतो याचा विचार मात्र थोड्यांनी केला असेल. विचार अगदी सोपा आहे. पहिल्यांदा ओळ मध्ये ठेवली की आपले पान आठव्यापासून चौदाव्यापर्यंतच्या सात जागांपैकी एका जागी येते. पुन्हा मांडताना या सात जागा तीन ओळींत वाटल्या जातात, आणि म्हणून आपले पान कोणत्याही ओळीत असो, त्या ओळीत ते तिसरे, चौथे किंवा पाचवेच असते. ती ओळ पुन्हा मध्ये गेली की जागा उरतात तीन : दहावी, अकरावी, बारावी. तिसऱ्यांदा मांडताना ही तीन पाने तीन वेगवेगळ्या ओळींत, आणि प्रत्येक ओळीत बरोबर मधोमध, चौथ्या जागी पडतात. प्रेक्षकाने ओळ सांगितली की पान कळलेच. प्रत्येक प्रश्न संशयितांची संख्या एकवीसवरून सातावर, सातावरून तीनावर आणि तीनावरून एकावर आणतो. येथे बोटांची हालचाल नाही, दडविलेले पान नाही. सर्व काही उघड्यावर घडते.

फ्रेंच गणिती जोसेफ झेर्गोन यांनी आपल्या नियतकालिकात 1813–14 च्या सुमारास या खेळाचा मुळापासून विचार केला. एकवीसऐवजी सत्तावीस पाने घेतली तर आपण प्रेक्षकाचे पान त्याने सांगितलेल्या कोणत्याही क्रमांकावर आणू शकतो. क्रमांकातून एक वजा करावयाचा आणि उरलेली संख्या एक, तीन आणि नऊ यांच्या पटींत मांडावयाची. उदाहरणार्थ, प्रेक्षक म्हणाला, पंधरावे. पंधरातून एक गेला, चौदा राहिले. चौदा म्हणजे नऊ एकदा, तीन एकदा आणि एक दोनदा. म्हणून पहिल्या खेपेस त्याच्या ओळीच्या वर दोन ओळी ठेवावयाच्या, दुसऱ्या खेपेस एक, तिसऱ्या खेपेस एक. पान पंधरावे येते. दहांच्या ऐवजी तीनांच्या पटींत मोजणे हा विषय शाळेत शिकविताना मुले जांभया देतात. सत्तावीस पाने हाती दिली की तीच मुले जेवणाची सुट्टी विसरतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

त्या संध्याकाळी गुरुजी एक वाक्य बोलले, ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, "बाळ, जत्रेतला खेळ सांगितला की संपतो. हा सांगितला की सुरू होतो. तू कशावर वेळ घालवायचा ते तूच ठरव." गणिताकडे मी वळलो, त्याचे कारण विचारले तर मला हेच सांगावे लागेल.

गणिताची ही बाजू परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांची लीलावती 1150 सालची. तिच्यातील अंकपाश या प्रकरणात वस्तूंचे क्रम किती प्रकारे लावता येतील याचे नियम आहेत. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी धरविता येतील, असा प्रश्न आचार्य घालतात आणि उत्तर देतात : 36,28,800. विष्णूच्या चार हातांतील चार वस्तूंचे प्रकार 24. रीत एकच : एकापासून त्या संख्येपर्यंतचे सर्व अंक परस्परांनी गुणावयाचे. हीच रीत बावन्न पत्त्यांना लावली तर येणारी संख्या 68 अंकी होते. आज आपण नीट पिसलेला जोड हातात घेतला, तर त्या क्रमाने लागलेला जोड यापूर्वी जगात कोणाच्याही हाती आला नसावा, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु "नीट पिसलेला" म्हणजे किती वेळा पिसलेला? या प्रश्नाचे उत्तर पर्सी डायाकोनिस या गृहस्थांनी दिले. त्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी घर सोडले ते एका नामांकित जादूगाराबरोबर हाताची कला शिकत भटकण्यासाठी. पुढे ते गणिताकडे वळले आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1992 साली त्यांनी डेव्ह बायर यांच्याबरोबर असे दाखविले की जोडाचे दोन भाग करून पाने फरफर एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने बावन्न पाने पुरेशी मिसळण्यास सुमारे सात वेळा पिसणे लागते. आपल्याकडे हातात जोड धरून थोडी थोडी पाने वरून टाकीत पिसतात. त्या पद्धतीने तर याच्या कितीतरी पट अधिक वेळा पिसावे लागते. घरी दोनदा पिसून आपण समाधान मानतो, तेव्हा मागील डावाचा क्रम पुष्कळसा शिल्लक असतो. जादूगार या शिलकीवरच जगतो.

याच्या उलट, फार नेमके पिसले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. जोडाचे बरोबर सव्वीस-सव्वीस असे दोन भाग केले आणि वरचे पान वरच राखून एकाआड एक पाने अचूक गुंफली, तर आठ वेळा असे केल्यावर सर्व बावन्न पाने मूळ क्रमाने परत येतात. कारण प्रत्येक वेळी पानाचा क्रमांक, शून्यापासून मोजला असता, दुप्पट होतो आणि 51 च्या पुढे गेला की त्यातून 51 वजा होतात. आठ वेळा दुप्पट म्हणजे 256 पट. 256 मधून एक वजा केला की 255, आणि 255 म्हणजे 51 ची बरोबर पाचपट. सिद्धता दोन ओळींची आहे. पण डोळ्यांनी न मोजता सव्वीस पाने उचलण्यासाठी आणि पानामध्ये पान बिनचूक बसविण्यासाठी बोटांना वर्षानुवर्षे राबावे लागते. येथे हात आणि हिशेब यांची भेट होते, आणि दोघांनाही एकमेकांचा मान राखावा लागतो.

पत्त्यांपासून दूर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. त्यांच्याजवळ मोठी पदवी नव्हती आणि विद्यापीठातील जागाही नव्हती. संख्यांशी खेळणे हाच त्यांचा छंद. 1949 साली त्यांनी एक चमत्कारिक संख्या मांडली : 6174. हिची गंमत पत्त्यांवर फार छान दाखविता येते. एक्क्यापासून नऊपर्यंतची पाने घ्या. पाहुण्याला कोणतीही चार निवडू द्या; चारही एकाच अंकाची नसावीत, एवढी एकच अट. समजा त्याने 2, 3, 4 आणि 5 निवडली. मोठ्यात मोठी संख्या 5432, लहानात लहान 2345, वजाबाकी 3087. याच अंकांची पुन्हा मोठी संख्या 8730, लहान 0378; वजाबाकी 8352. पुन्हा 8532 मधून 2358 वजा केले की 6174. यापुढे कितीही वेळा करा, 6174 च येते. कोणतीही चार पाने असोत, सात वजाबाक्यांच्या आत हाच मुक्काम. आधीच कागदावर 6174 लिहून तो पाकिटात बंद करून ठेवला, तर पाहुणा थक्क होतो. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. हे गार्डनर स्वतः पत्त्यांच्या जादूचे व्यासंगी. गणित आणि जादू यांवरील त्यांचा ग्रंथ 1956 सालचा आहे.

आता मी आपल्याला एक खेळ शिकवितो, कारण तो सांगण्यासाठीच मी हे भाषण स्वीकारले. निवृत्त झाल्यावर डायाकोनिस आणि रॉन ग्रॅहॅम यांचा जादूच्या गणितावरील 2011 सालचा ग्रंथ माझ्या हाती आला. तो चाळीत असता एके ठिकाणी मी थबकलो. त्या इंग्रजी ग्रंथात आपल्या छंदःशास्त्राचे एक सूत्र होते : यमाताराजभानसलगम्.

आठवीच्या वर्गात हे सूत्र मी घोकले होते. आपणही घोकले असेल. वृत्तांचे आठ गण लक्षात ठेवण्याची ही युक्ती. य गण कसा, तर "यमाता" : लघु, गुरु, गुरु. म गण "मातारा" : तिन्ही गुरु. त गण "ताराज", र गण "राजभा", ज गण "जभान", भ गण "भानस", न गण "नसल", स गण "सलगम्". मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत, त्याच्या प्रत्येक चरणात चार य गण. एवढे सांगता आले की परीक्षेत गुण मिळत. सूत्रातील एकेक अक्षर सरकत गेले की आठही गण एकदाच आणि एकेकदाच कसे येतात, हे मी कित्येक वर्षे तोंडाने म्हटले आणि एकदाही डोळ्यांनी पाहिले नाही. गणिताचा शिक्षक असूनही पाहिले नाही, याची मला त्या दिवशी खंत वाटली.

लघु आणि गुरु यांच्या तीन-तीनांच्या जुळण्या एकंदर आठ. त्या सर्व सुट्या लिहिल्या तर चोवीस खुणा लागतील. सूत्र त्या दहांत बसविते. शिवाय त्याची शेवटची दोन अक्षरे, लघु आणि गुरु, ही पहिल्या दोन अक्षरांसारखीच आहेत. म्हणजे ती दोन गाळून उरलेली आठ एका वर्तुळात लिहिली, तरी सर्व गण त्या वर्तुळात सापडतात. अशा वर्तुळांचे गणित डच गणिती द ब्राँ यांनी 1946 साली मांडले आणि त्यांच्याच नावाने आज ते ओळखले जाते.

खेळ असा. लघु म्हणजे काळे पान, गुरु म्हणजे लाल पान. एक्क्यापासून आठपर्यंतची पाने क्रमाने लावा : एक्का इस्पिकचा, दोन, तीन आणि चार बदामाची, पाच इस्पिकचे, सहा बदामाचे, सात आणि आठ इस्पिकची. गड्डी पालथी धरा. एकापाठोपाठ एक अशा कितीही जणांना ती काटू द्या. काटणे म्हणजे वरचा भाग उचलून खाली ठेवणे. त्याने वर्तुळाचा आरंभ बदलतो, वर्तुळ बदलत नाही. पाहणाऱ्यांना मात्र वाटते की पाने पार विस्कटली. मग वरची तीन पाने तिघांना क्रमाने द्या आणि म्हणा, "ज्याच्याकडे लाल पान असेल त्याने उभे राहावे." समजा पहिला उभा राहिला, दुसरा बसून राहिला, तिसरा उभा राहिला. गुरु, लघु, गुरु : राजभा, र गण. र हे सूत्रातील चौथे अक्षर. म्हणून पहिल्याजवळ बदामाचे चार, दुसऱ्याजवळ इस्पिकचे पाच, तिसऱ्याजवळ बदामाचे सहा. कोणीच उभे राहिले नाही तर न गण, सूत्रातील सातवा : इस्पिकचे सात, इस्पिकचे आठ आणि, वर्तुळ पूर्ण होऊन, इस्पिकचा एक्का. मनातल्या मनात सूत्र म्हणा आणि तिन्ही पाने सांगून मोकळे व्हा. आरंभी पाने नीट लावलेली आहेत हा संशय येऊ नये म्हणून, ज्याला हात साधला आहे त्याने क्रम न मोडता पिसल्याचा देखावा करावा. ज्याला साधला नाही त्याने करू नये; काटण्यावरही काम भागते.

हा खेळ मी माझ्या नातवाला शिकविला. तो हिंदी माध्यमात शिकतो. मी सूत्र म्हणू लागताच तो म्हणाला, "आबा, हे तर आमच्या व्याकरणात आहे." त्यांच्या पुस्तकात शेवटी "गम्" ऐवजी "गा" आहे, दोन्ही गुरुच, तेव्हा पत्त्यांना काही फरक पडत नाही. आमच्या गावात दोन भाषा शेजारी राहतात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत एकच सूत्र घोकले जाते, ही गोष्ट मला एका आठ वर्षे जुन्या पत्त्यांच्या कॅटने दाखवून दिली.

गेल्या पोळ्याला घरी नागपूरची मुले आली होती. नातवाने त्यांना खेळ करून दाखविला. एकदा केला, दोनदा केला. भावंडे हैराण झाली. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे येऊन हळूच विचारले, "आबा, सांगून टाकू का?"

मी त्याला जे उत्तर दिले तेच आपल्याला सांगतो. एखाद्या कलावंताने हाताची कला दाखविली आणि आपल्याला तिचे मर्म कळले, तर ते गावभर करू नये. त्याची भाकरी त्यावर आहे आणि आपला आनंदही त्यावर आहे. कोणी त्याच कलेने पैसे लुबाडीत असेल, तर ते मर्म मात्र चव्हाट्यावर सांगावे, मोठ्याने सांगावे. कारण आठवीतील एखादे पोर तेथे फी घेऊन उभे असेल. आणि हिशेबाची जादू असेल, तर ती सांगूनच टाकावी. ती लपविण्यात काही मिळत नाही.

त्याने सांगितले. माझी अपेक्षा होती की मर्म कळल्यावर मुले उठून जातील. एकही उठले नाही. थोडा वेळ सूत्र म्हणून पाहिल्यावर सर्वांत धाकटीने विचारले, "तिघांऐवजी चौघांना पाने द्यायची असली तर?" मग सोळा पाने लागतील, आणि लाल-काळ्याचे असे वर्तुळ हवे की ज्यात चार-चारांची प्रत्येक जुळणी एकदाच येईल. पिढ्यान्‌पिढ्या घोकलेले तयार सूत्र त्यासाठी नाही. मुलांनी ते ओसरीवर बसून, पाने मांडून मोडून, दिवेलागणीपर्यंत शोधून काढले. अशी सोळा पानांची वर्तुळे एकंदर सोळा आहेत. पाच जणांसाठी बत्तीस पाने घेतली तर 2048. हे मी त्यांना नंतर सांगितले, आधी सांगितले नाही.

श्रोतेहो, आपल्या घरी पत्त्यांचा जोड असेलच. त्यातून सोळा पाने वेगळी काढा, आठ लाल आणि आठ काळी, आणि मुलांना घेऊन बसा. चौघांसाठीचे वर्तुळ आपल्यालाही सापडेल.